खणायलाही सरकारी पैसा, बुजवायलाही सरकारी पैसा : स्कॉटलंडच्या पीटभूमीचं अनुदान कुणाला आणि कशासाठी?

ओलावा (धागाकर्ता)

स्कॉटलंडच्या पाचव्या हिश्शाहून जास्त जमिनीवर पीट आहे. पाण्यात बुडून राहिल्यामुळे न कुजलेलं शेवाळ, गवत आणि झुडपं हजारो वर्षं साठत गेली, त्याचा हा थर. तो वर्षाला जेमतेम एक मिलिमीटर चढतो, म्हणजे मीटरभर जाडीला हजारेक वर्षं लागतात. यातली सुमारे ८० टक्के जमीन आज बिघडलेली असल्याचा अंदाज आहे. चर खणून पाणी काढून दिलं, शेवाळ मेलं, काळा पीट उघडा पडला आणि जमिनीत राहायला हवा तो कार्बन हवेत जातोय.

ही जमीन बिघडवण्यात सरकारी पैशाचा मोठा हात आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर डोंगरावरची कुरणं सुधारायची म्हणून चर खणायला अनुदान मिळायचं. त्या काळात उतारावरून सरळ खाली खणलेले चर आजही विमानातून रेघांसारखे दिसतात. पुढे १९७० आणि १९८० च्या दशकांत जंगल लावणाऱ्याला करसवलत मिळायची. उत्तरेकडच्या फ्लो कंट्रीत, म्हणजे केथनेस आणि सदरलँडमध्ये, खोल पीट नांगरून सिटका स्प्रूस आणि लॉजपोल पाइन लावले गेले. लावणाऱ्यांपैकी कित्येकांनी ती जमीन पाहिलीही नव्हती, त्यांना कर वाचवायचा होता. १९८८ च्या अर्थसंकल्पात ब्रिटनचे अर्थमंत्री नायजेल लॉसन यांनी सवलत काढली आणि लागवड ओसरली.

आता चक्र उलटं फिरतंय. २०१२ पासून 'पीटलँड अ‍ॅक्शन' ही योजना चालू आहे. २०२० मध्ये स्कॉटिश सरकारने दहा वर्षांत २५ कोटी पौंड देण्याचं आणि २०३० पर्यंत अडीच लाख हेक्टर जमीन पूर्वपदावर आणण्याचं जाहीर केलं. जमीनमालक अर्ज करतो, पाहणी होते, आराखडा ठरतो आणि कामाचा बहुतेक किंवा सगळा खर्च सरकार उचलतं.

काम व्हायलाच हवं, यावर माझ्या मनात तिळमात्र शंका नाही. प्रश्न पैशाचा आहे. ज्या इस्टेटींनी (मोठ्या खाजगी जमीनदाऱ्यांनी) अनुदान घेऊन चर खणले, त्यांनाच आता ते बुजवायला अनुदान द्यायचं का? द्यायचं, तर नक्की कशाचं द्यायचं? माझं मत असं की द्यावं, पण ते चर बुजवल्याचं नको, जमिनीत पाणी टिकवल्याचं हवं. आज हिशेब हेक्टरांचा होतो. जेसीबी गेला, फोटो काढले, हेक्टर मोजले, बिल मंजूर. पाच वर्षांनी तिथे पाणी आहे का, हे कोण बघतं?

ज्यांनी हे जवळून पाहिलंय, त्यांनी लिहावं. ज्यांना माझं म्हणणं पटत नाही, त्यांनी तर जरूर लिहावं.

---

नवी_पालवी

वाचतेय. एक अगदी प्राथमिक शंका. झाडं लावणं वाईट कसं? आजवर आपण 'झाडे लावा' हेच ऐकत आलो.

---

कुदळफावडे

नवी_पालवी, शंका रास्त आहे आणि सगळ्यांनाच पडते. जगाच्या जमिनीपैकी फक्त ३ टक्क्यांच्या आसपास पीट आहे, पण त्यातला कार्बन जगातल्या सगळ्या जंगलांच्या झाडांमधल्या कार्बनपेक्षा जास्त आहे. खोल पीटवर झाड लावायचं तर आधी पाणी काढावं लागतं. पाणी गेलं की हवा आत शिरते आणि हजारो वर्षं थांबलेली कुजण्याची क्रिया सुरू होते. झाड वर वाढताना जेवढा कार्बन धरतं, त्याहून जास्त खालून निसटू शकतो. वर झाडाची मुळंही पाणी ओढतात. योग्य जागी झाड हवंच, पण पाच मीटर पीटवर नको.

आता धाग्याच्या विषयाकडे. मी गेली काही वर्षं हायलँड्समध्ये, म्हणजे स्कॉटलंडच्या डोंगराळ उत्तर भागात, याच कामांची पाहणी करतो, त्यामुळे जरा लांबण लावतो.

सुरुवात खोली मोजण्यापासून होते. एकमेकांत अडकणाऱ्या लोखंडी सळया घेऊन माणूस चालतो आणि ठराविक अंतरावर सळई खाली दाबतो. पीटमधून ती हाताच्या जोराने सहज जाते. तळाला खडी किंवा चिकणमाती लागली की हाताला खरखर किंवा घट्टपणा जाणवतो. तिथे खूण करायची, सळई ओढून काढायची, पुढच्या जागेवर जायचं. वरून सपाट दिसणाऱ्या माळावर एका ठिकाणी अर्धा मीटर आणि थोडं पुढे गेलं की चार मीटर, असं निघतं. नकाशावर बघून हे कधीच कळत नाही.

चर बुजवताना अख्खा चर भरत नाहीत. ठराविक अंतरावर पीटचेच बांध घालतात. रुंद पट्ट्यांचं एक्स्कॅव्हेटर येतं, नेहमीचं यंत्र त्या जमिनीत रुतेल. चालक आधी वरची जिवंत साय, म्हणजे गवत-शेवाळाचा थर, अलगद उचलून बाजूला ठेवतो. मग खालचा ओला, गच्च पीट काढून चरात दाबतो, बादलीच्या पाठीने ठोकतो आणि साय परत वर बसवतो, हिरवी बाजू वर. वरचा सुकलेला पीट बांधात घातला तर तो भुसभुशीत असतो, पाणी धरत नाही. बांध चरापेक्षा रुंद आणि जमिनीपेक्षा थोडा उंच हवा, म्हणजे अडलेलं पाणी बांधाला वळसा घालून परत चरात न येता माळावर पसरतं. उतार जितका जास्त, तितके बांध जवळ. खालच्या बांधाचं पाणी वरच्या बांधाच्या पायथ्यापर्यंत पोचलं पाहिजे.

चालक चांगला असेल तर दोन वर्षांनी बांध कुठे होता ते शोधावं लागतं. चालक नवखा असेल तर पहिल्याच हिवाळ्यात बांध वाहून गेलेला असतो. म्हणून धागाकर्त्यांच्या मूळ मुद्द्याला माझं अनुमोदन. हेक्टर मोजून काही कळत नाही.

---

गडगडाट

सरकारी पैसा पाण्यात गेला म्हणून टाळ्या वाजवाव्यात, असं हे जगातलं एकमेव खातं असेल. :)

---

नवी_पालवी

गडगडाट, हसून हसून पुरेवाट. कुदळफावडे, खूप आभार, वाचनखूण साठवली.

---

सातबारा

धागाकर्त्यांशी अर्धा सहमत, अर्धा पूर्ण असहमत.

स्कॉटलंडमधल्या खाजगी ग्रामीण जमिनीपैकी निम्मी जमीन पाचशेहून कमी मालकांच्या हातात आहे. जमीन इतक्या थोड्या लोकांकडे एकवटल्याचं उदाहरण युरोपात क्वचितच सापडेल. तेव्हा 'जमीनमालकांचा सहभाग' हा गोड शब्द ऐकला की मी आधी विचारतो, कुठला मालक? हजारो हेक्टरांची शिकारीची इस्टेट बाळगणारा, की पिढ्यान् पिढ्या खंडाने मेंढ्या चारणारा? अनुदान जमिनीच्या मालकीला चिकटलं की ज्याच्याकडे जास्त, त्याला जास्त. वर जमिनीची किंमत वाढते ती वेगळीच. पीट सुधारलं की 'पीटलँड कोड' या ब्रिटिश मानकाखाली वाचवलेल्या कार्बनचे युनिट विकता येतात. सार्वजनिक अनुदान आणि खाजगी कार्बन विक्री एकाच प्रकल्पात एकत्र करायला परवानगी आहे. मग बाहेरच्या कंपन्या डोंगर विकत घेऊ लागतात, आणि ज्या गावाला ती जमीन घ्यायची असते त्याच्या आवाक्याबाहेर भाव जातो.

नुकसान केलं त्याने भरपाई द्यावी, हे तत्त्व कारखान्याला लागू होतं. मग इस्टेटीला का नाही? पीटला आग लावून ग्राउज या शिकारीच्या पक्ष्यासाठी हेदरची झुडपं जाळणाऱ्याला आपण म्हणायचं, 'साहेब, आता थांबा, त्याचे पैसे देतो'?

---

ओलावा

सातबारा, मालकी एकवटल्याचा मुद्दा शंभर टक्के मान्य. पण 'नुकसान केलं त्याने भरावं' इथे सरळ बसत नाही. चर खणले तेव्हा ते बेकायदा नव्हते. सरकारी अधिकारी स्वतः येऊन 'खणा, पैसे देतो' सांगत होते. आजचा मालक बहुधा तो खणणारा नाहीच. त्याला कोर्टात खेचायचं तर कुठल्या कायद्याखाली? आणि वाद मिटेपर्यंत पीट हवेत जातच राहील.

जाळण्याबद्दल मात्र तुमच्याशी सहमत. २०२४ च्या कायद्याने स्कॉटलंडमध्ये हेदर जाळायला परवान्याची तरतूद केली आहे आणि पीटसाठी तर ती आणखी कडक आहे. नियम आणि अनुदान दोन्ही लागणार. जे आज चाललंय आणि थांबवता येतं, त्याला नियम लावा. जे पन्नास वर्षांपूर्वी झालंय, त्याला अनुदान द्या.

---

काळवीट

हरणांबद्दल कुणीच बोललं नाही म्हणून लिहितो. हायलँड्समध्ये लाल हरणांना नैसर्गिक शत्रू उरलेला नाही आणि शिकारीच्या इस्टेटींना हरणं भरपूर हवी असतात. नवीन लावलेलं शेवाळ आणि उघड्या पीटवर टाकलेली साय ती तुडवतात. ओल्या जागी कळप लोळतात. कितीही सुंदर बांध घाला, हरणांची संख्या आवाक्यात नसेल तर सगळं मुसळ केरात. शेजारची इस्टेट सहकार्य करत नसेल तर एकट्या मालकाने करूनही उपयोग होत नाही, कारण हरणांना हद्द कळत नाही. म्हणून अनुदान एकेका इस्टेटीला देण्यापेक्षा अख्ख्या पाणलोटातल्या सगळ्या मालकांना एकत्र बसवून द्यावं.

---

गडगडाट

काळवीट नावाच्या आयडीने हरणं कमी करा म्हणणं हा धाग्याचा कळसबिंदू आहे.

---

माळावरची

मी एका क्रॉफ्टिंग गावात राहते. क्रॉफ्ट म्हणजे छोटी, कायद्याने संरक्षण असलेली खंडाची शेती, आणि तिला जोडून गावाची सामायिक चराई. चराईची जमीन इस्टेटीची, चरण्याचा हक्क गावकऱ्यांचा. प्रत्येकाचे ठराविक वाटे असतात आणि कारभार चराई समिती बघते. अशा जमिनीवर पीट असेल तर अर्ज कुणी करायचा? मालकाला गावाची संमती लागते, गावाला मालकाची. काम झाल्यावर कार्बनचे पैसे आले तर ते मातीच्या मालकाचे की वर मेंढ्या चारणाऱ्याचे, यावर आमच्याकडे सभेत रात्री उशिरापर्यंत वाद झाला.

त्या सभेत एका म्हाताऱ्या बाईंनी जे विचारलं ते मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलं. त्यांनी विचारलं, की बुजवलेल्या चराच्या जागी मेंढी बुडाली तर कुणाला सांगायचं? सगळे जण कार्बनवर बोलत होते आणि त्यांना रोज त्या माळावर चालायचं होतं. सल्लागाराकडे उत्तर नव्हतं. नंतर आराखडा बदलला. मेंढ्यांच्या नेहमीच्या वाटांवरचे चर वेगळ्या पद्धतीने, उथळ आणि पसरट करून अडवले. तेव्हा कुठे बहुतेकांनी हात वर केले.

म्हणून 'मालकांचा सहभाग' या शब्दांत जमिनीवर वावरणारे आले नाहीत, तर योजना कागदावर पक्की आणि माळावर कच्ची राहते.

---

हिशेबनीस

एक साधं गणित. २५ कोटी पौंड भागिले अडीच लाख हेक्टर म्हणजे हेक्टरी १००० पौंड. सरळ चर अडवायला हे पुरत असेल. पण जिथे पीट उघडा पडलाय, ओहोळांनी खोल घळी पाडल्यात, तिथे याच्या कित्येक पट लागतं. डोंगरमाथ्यावर रस्ता नसतो, सामान हेलिकॉप्टरने न्यावं लागतं. २०१८ च्या हवामान आराखड्यात वर्षाला २०,००० हेक्टरांचं लक्ष्य होतं. २०२३-२४ हे विक्रमी वर्ष म्हणून जाहीर झालं, तेव्हा आकडा दहा हजारांच्या थोडा वर होता. म्हणजे पैसा कमी, वेग कमी. त्यात देखभालीचे आणि मोजमापाचे पैसे वेगळे काढायचे म्हटलं तर नवीन हेक्टर आणखी घटतील. ओलावा, तुमच्या सूचनेची ही किंमत मोजायची तयारी आहे का?

---

ओलावा

हो, आहे. टिकणारे पाच हजार हेक्टर हे वाहून जाणाऱ्या दहा हजारांपेक्षा बरे. कुदळफावडे यांनी लिहिलेला पहिल्या हिवाळ्यात फुटणारा बांध आठवा. तो हेक्टरही सरकारी आकड्यात 'पूर्ण' म्हणून बसलेला असतो.

---

धुक्यातला_डोंगर

हेलिकॉप्टरचा उल्लेख आला म्हणून इंग्लंडमधला अनुभव. मॅंचेस्टर आणि शेफिल्डच्या मधल्या डोंगरांवर, ब्लीकलो आणि किंडर स्काउटवर, मी खूप भटकलो आहे. तिथे नुसते चर नव्हते. दीडशे वर्षं गिरण्यांचा धूर खाऊन शेवाळ मेलं होतं, वर आगी लागल्या, आणि मैलोन् मैल काळा उघडा पीट राहिला. पावसात बुटाला चिकटून निघायचा, उन्हाळ्यात वाऱ्याबरोबर उडायचा. २००३ पासून तिथे सरकारी संस्था, पाणी कंपन्या आणि मालक एकत्र येऊन काम करतायत. आधी चुना, खत आणि गवताचं बी टाकून जमीन धरून ठेवली, कापलेलं हेदर पसरलं, घळींमध्ये दगडांचे आणि लाकडांचे बांध घातले आणि मग स्फॅग्नम शेवाळाची छोटी रोपं हाताने लावली.

पूर्वी काळं दिसणारं पठार आज हिरवं-तपकिरी आहे. पाणी कंपन्यांचा यात स्वार्थ आहे आणि तो चांगला स्वार्थ आहे. बिघडलेल्या पीटवरून येणारं पाणी चहाच्या रंगाचं असतं आणि तो रंग काढायला शुद्धीकरण केंद्रात खर्च येतो. युनायटेड युटिलिटीज या पाणी कंपनीने २००५ पासून आपल्या पाणलोटात मेंढपाळांना बरोबर घेऊन याच कारणासाठी पैसा घातला. तेव्हा सगळा भार सरकारवर का? ज्याला स्वच्छ पाणी मिळतं, ज्याचं गाव पुरातून वाचतं, त्यानेही वाटा उचलावा.

---

शंकासुर

सगळे जण एका सुरात बोलतायत म्हणून मुद्दाम विचारतो. दलदलीतून मिथेन निघतो, आणि मिथेन कार्बन डायऑक्साइडपेक्षा कितीतरी जहाल. मग पाणी भरून आपण एक आग विझवून दुसरी लावतोय का?

---

कुदळफावडे

शंकासुर, प्रश्न बरोबर आहे आणि तो टाळून चालणार नाही. पाणी भरल्यावर पहिली काही वर्षं मिथेन वाढतो. चरात पाणी साचून राहिलं आणि त्यात कापूसगवत माजलं तर विशेष वाढतो, कारण त्या गवताच्या पोकळ दांड्यातून वायू सरळ वर निघतो. पण मिथेन हवेत दहा-बारा वर्षांत बराचसा विरतो. कोरड्या पीटमधून निघणारा कार्बन डायऑक्साइड साठतच जातो, शतकानुशतकं राहतो. त्यामुळे पाणी न भरता थांबणं हा सगळ्यात वाईट पर्याय.

बारकावा असा की पाणी पृष्ठभागाच्या अगदी जवळ पण खाली, साधारण दहा सेंटिमीटरच्या आसपास राहिलं तर दोन्ही वायूंचा ताळमेळ चांगला बसतो. वर तळं झालं तर मिथेन जास्त, फार खाली गेलं तर कार्बन डायऑक्साइड जास्त. म्हणजे पुन्हा मुद्दा तोच. पाणी कुठे आहे हे मोजल्याशिवाय आपण काय कमावलं ते कळत नाही.

---

शंकासुर

पटलं. निदान बरंचसं.

---

रिमझिम

अवांतर: व्हिस्कीला धुराचा वास देणारं पीट हेच ना? की ते वेगळं?

---

धुक्यातला_डोंगर

रिमझिम, हेच. आयला या स्कॉटिश बेटावरच्या व्हिस्कीसाठी बार्ली वाळवताना पीट जाळतात. त्यासाठी लागणारं पीट बागकामाच्या मातीत जाणाऱ्या पीटच्या तुलनेत फार थोडं असतं. खरी चिंता कुंड्यांच्या मातीची आहे. ब्रिटनमध्ये विकलं जाणारं बरंचसं पीट आयर्लंड आणि बाल्टिक देशांतून येतं. इथे सरकारी पैशाने दलदल वाचवायची आणि दुसऱ्याची दलदल पिशवीत भरून आणायची, हे मला अजिबात पटत नाही.

---

आयरिश_पाऊस

आयर्लंडचं नाव निघालं म्हणून लिहिते. इथे पीट म्हणजे जंगल-डोंगराचा विषय नव्हे, घरातल्या शेगडीचा आणि नोकरीचा आहे. बोर्ड ना मोना ही सरकारी कंपनी १९४६ पासून मिडलँड्समध्ये, म्हणजे देशाच्या मध्यभागात, पीट काढत होती. अख्खी गावं त्यावर उभी राहिली. २०२० च्या अखेरीला पीटवर चालणारी शॅननब्रिजचं वीजकेंद्र बंद झालं, २०२१ च्या सुरुवातीला कंपनीने पीट काढणं कायमचं थांबवल्याचं जाहीर केलं. मग सरकारने १०.८ कोटी युरो देऊन त्याच कंपनीला तिच्या ३३,००० हेक्टर पीटभूमीवर पाणी भरण्याचं काम दिलं. काल पीट खरवडणारी माणसं आज त्याच यंत्रांनी बांध घालतायत. मला हे फार महत्त्वाचं वाटतं. ज्याला जमिनीचा कोपरान् कोपरा माहीत आहे, त्याला घरी बसवून बाहेरून तज्ज्ञ आणायचे नाहीत.

दुसरी बाजूही सांगते. संरक्षित दलदलींत घरच्या जळणासाठी पीट कापायचा ज्या कुटुंबांना हक्क होता, त्यांना २०११ पासून थांबायला सांगितलं. भरपाई वर्षाला १५०० युरो, १५ वर्षं, किंवा दुसरीकडे जागा. हिशेबाने ती वाईट नाही. तरीही प्रचंड राग झाला, मोर्चे निघाले, काहींनी उघडपणे कापणं चालू ठेवलं. कारण आधी नियम आला आणि मग चर्चा. माळावरचींच्या गावात सभा आधी झाली, हा फरक मोठा आहे.

---

सातबारा

आयरिश_पाऊस, उत्तम प्रतिसाद. माझा मुद्दा यातून उलट पक्का होतो. तिथे जमीन सरकारी कंपनीची होती म्हणून सरकार थेट सांगू शकलं. स्कॉटलंडमध्ये जमीन सार्वजनिक किंवा गावाची झाली तर अनुदानाची ही विनवणीच करावी लागणार नाही. लँगहोमच्या गावकऱ्यांनी २०२१ आणि २०२२ अशा दोन टप्प्यांत दहा हजार एकरांहून जास्त माळ मोठ्या इस्टेटीकडून विकत घेतला आणि त्याचं टॅरस व्हॅली निसर्गक्षेत्र केलं. पीट सुधारणं त्यांच्या योजनेतच आहे. सार्वजनिक पैसा तिकडे जावा.

---

हिशेबनीस

सातबारा, लँगहोमबद्दल मलाही आदर आहे. पण त्या गावाने निधी उभारायला किती धडपड केली ते आठवा. सगळी पीटभूमी अशी विकत घेत बसलो तर २५ कोटी जमिनीच्या किमतीतच संपतील आणि एकही चर बुजणार नाही. वेळही नाही.

---

सागरकिनारा

इंडोनेशियात काही काळ कामानिमित्त होतो. २०१५ च्या आगींत तिथे सुमारे २६ लाख हेक्टर जळलं, त्यातला मोठा भाग पाणी काढलेला पीट. १९९० च्या दशकात मध्य कालीमंतानमध्ये दहा लाख हेक्टर भातशेती करायची म्हणून हजारो किलोमीटर कालवे खणले. भात आलाच नाही, कालवे राहिले. २०१६ मध्ये सरकारने पीट पुनरुज्जीवनासाठी खास संस्था काढली आणि कालव्यांत बांध घातले जाऊ लागले. काही ठिकाणी लोकांनी ते फोडले, कारण कालवा हाच त्यांच्या होडीचा रस्ता होता. पुढे होडी जाईल अशी वाट ठेवून बांध बांधले, ते टिकले. मेंढीच्या वाटेची गोष्ट वाचून तेच आठवलं.

---

अक्षांश

लांबून सहभागी होतो. नियम आणि अनुदान दोन्ही लागणार, असं ओलावा म्हणाले, म्हणून सक्तीबद्दल लिहितो. युरोपीय संघाच्या २०२४ च्या निसर्ग पुनर्स्थापना कायद्यात शेतीखालच्या, निचरा केलेल्या पीट जमिनींसाठी लक्ष्य आहे: २०३० पर्यंत ३० टक्क्यांवर उपाय आणि त्यातल्या किमान चौथ्या हिश्शावर पुन्हा पाणी. पण पाणी भरण्याची सक्ती सदस्य देशांवर आहे, शेतकऱ्यावर नाही. शेतकऱ्याला राजी करायचं काम सरकारचं. म्हणजे स्कॉटलंड असो की ब्रुसेल्स, गाडी शेवटी पैशावर आणि विश्वासावर येऊन थांबते.

आणि इंग्लंडच्या सखल भागात होम फेनला एक लोखंडी खांब आहे, तो ज्यांना शक्य असेल त्यांनी जरूर बघावा. १८५१ च्या सुमारास तिथलं मोठं तळं आटवलं, तेव्हा तो जमिनीत पुरला होता, टोक जमिनीबरोबर. आज तो सुमारे चार मीटर उघडा उभा आहे. खांब हललेला नाही, भोवतालची जमीन खाली गेली. ती सुकली, आकसली आणि हवेत गेली. पीटवर शेती करणाऱ्याला पाणी भरायला सांगणं म्हणजे त्याची रोजीरोटी काढणं, हे खरंच. पण पाणी नाही भरलं तरी ती जमीन त्याच्या नातवापर्यंत पोचत नाही. डोंगरावरच्या मालकाला समजावणं त्या मानाने सोपं.

---

ओलावा

सगळ्यांचे मनापासून आभार. चर्चा भरकटत बरीच फिरून आली, पण बरंच हाती लागलं. मूळ प्रश्नावर माझं मत थोडं पुढे सरकलंय, ते मांडतो.

पैसा मालकाला नव्हे, कराराला मिळावा. मालक, खंडकरी, चराई समिती, जे जे त्या माळावर हक्काने आहेत ते सगळे सही करतील तेव्हाच हप्ता सुटावा. बांध घालायचा खर्च सरकारने पूर्ण द्यावा, त्यात घासाघीस करून उपयोग नाही, कारण खणायलाही आपणच दिला होता. पण त्यापुढचा पैसा वर्षावर्षाने, पाण्याच्या पातळीवर. पीटलँड कोडमध्ये किमान ३० वर्षांची बांधिलकी असते, सार्वजनिक अनुदानातही तितकीच हवी. जमीन विकली तर करार नव्या मालकाच्या डोक्यावर जायला हवा. आणि सातबारा, कार्बन विकून मोठा नफा झाला तर त्यातला वाटा गावाकडे यावा, हे मी तुमच्याकडून घेतलं.

---

सातबारा

वाट्याचं लिहिलंत, बरं वाटलं. तरी शिकारीच्या इस्टेटीला पूर्ण खर्च देणं मला मान्य नाही आणि होणारही नाही. निम्मा द्या.

---

काळवीट

निम्मा दिला तर मोठी इस्टेट करेल, छोटा मालक करणार नाही. तुम्हाला हवं त्याच्या नेमकं उलट होईल.

---

सातबारा

मग मालकाच्या आकारमानाप्रमाणे दर ठेवा. छोट्याला पूर्ण, मोठ्याला कमी. हे अशक्य नाही.

---

हिशेबनीस

हे मात्र करण्यासारखं आहे. +१

---

कुदळफावडे

ओलावा, पाण्याच्या पातळीवर पैसे द्यायचे तर मोजायचं कसं हेही करारात लिहा. साधी गोष्ट आहे. बाजूला भोकं पाडलेली प्लास्टिकची नळी पीटमध्ये उभी रोवायची, आत पाणी किती खाली आहे ते वाचायचं. आत छोटं यंत्र टाकलं तर ते आपोआप नोंदी ठेवतं. पण नळ्या काम सुरू व्हायच्या आधी रोवा. नंतर रोवल्या तर तुलना कशाशी करणार? मी पाहिलेल्या बऱ्याच ठिकाणी आधीच्या नोंदीच नाहीत. आणि एका उन्हाळ्यात पाणी खाली गेलं म्हणून मालकाचे पैसे कापू नका. दुष्काळी वर्षात चांगल्या दलदलीतही पातळी उतरते. शेजारच्या धड असलेल्या माळावर एक नळी ठेवा आणि तिच्याशी ताडून बघा.

दुसरं, आर्थिक वर्ष. पक्ष्यांच्या विणीचा हंगाम म्हणून वसंतापासून उन्हाळ्याच्या मध्यापर्यंत यंत्र माळावर नेता येत नाही. उरतो शरद ते हिवाळा, त्यात बर्फ. आणि अनुदानाचं वर्ष ३१ मार्चला संपतं. मंजुरी उशिरा आली की ठेकेदार फेब्रुवारीत गोठलेल्या पीटवर घाईघाईने बांध घालतो. चांगले चालक वर्षभराच्या कामाची हमी नसेल तर रस्त्यांच्या कामाला निघून जातात, आणि पुढच्या हंगामात पुन्हा नवखे येतात. तीन-चार वर्षांची मंजुरी एकदम दिली तर निम्मे फुटके बांध आपोआप कमी होतील.

---

माळावरची

कुदळफावडे, नळ्या वाचायचं काम आमच्यासारख्या गावकऱ्यांना दिलं तर? आम्ही तसेही रोज तिथे असतो.

---

कुदळफावडे

जरूर. शिकायला एक दुपार पुरते. त्या कामाचे पैसेही अनुदानात धरून मागा, फुकट करू नका. तुमच्या समितीची पुढची सभा असेल तेव्हा सांगा, नळी कुठे रोवायची याचा नमुना आराखडा मी व्यक्तिगत निरोपाने पाठवतो.